आरमधून सी लायब्ररीतील फंक्शन कसे वापरावे: झेडलिबच्या उदाहरणासह

आर ही संख्याशास्त्रीय विश्लेषणाची भाषा ज्या एस भाषेच्या वळणावर घडली, ती एस १९७६ साली अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकाराला आणायला घेतली, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न नवी गणिते लिहिण्याचा नव्हता. गणिते फोरट्रान या आकडेमोडीच्या जुन्या भाषेत लिहून तयार होती. प्रत्येक विश्लेषणासाठी नवा फोरट्रान प्रोग्रॅम लिहिण्याचा जाच टाळून ती बसल्या जागी, एकेका ओळीने वापरता यावीत, ही निकड होती. दुसऱ्या भाषेत लिहिलेल्या लायब्ररीकडे, म्हणजे तयार फंक्शनांच्या संग्रहाकडे, जाणारा दरवाजा त्यामुळे या घराण्यात पहिल्यापासूनच आहे. आजही आरमध्ये दोन मॅट्रिक्सचा गुणाकार केला किंवा रेषीय प्रतिमान बसवले, की प्रत्यक्ष आकडेमोड आत कुठेतरी फोरट्रान किंवा सीमध्येच होते.

हा दरवाजा आपण स्वतः कसा उघडावा, हे या लेखात एकाच उदाहरणाच्या आधारे सांगितले आहे. उदाहरण आहे झेडलिब या शेअर्ड लायब्ररीतील सीआरसी-३२ या फंक्शनचे. झेडलिब ज्याँ-लू गाय्यी आणि मार्क ॲडलर यांनी लिहिली, ती १९९५ पासून सर्वांना उपलब्ध आहे आणि आर स्वतःही फाइल दाबून ठेवण्यासाठी तिचाच आधार घेते. सीआरसी-३२ हे फंक्शन बाइटांच्या कोणत्याही मालिकेवरून ३२ बिटांची एक पडताळा-संख्या काढते. जीझिप, झिप आणि पीएनजी फाइलींमध्ये हीच संख्या साठवलेली असते. प्रवासात फाइलीचे बाइट बिघडले असतील, तर नव्याने काढलेली संख्या साठवलेल्या संख्येशी जुळत नाही. कोणी मुद्दाम केलेला फेरफार ओळखण्यासाठी मात्र ती पुरेशी नाही.

केवळ पडताळा काढणे एवढीच गरज असेल, तर डायजेस्ट हे तयार पॅकेज वापरावे; त्यात हा प्रकार आहे. येथे उद्देश पद्धत शिकण्याचा आहे, आणि हे फंक्शन त्यासाठी निवडण्याचे कारण असे, की ते अवघे तीन आर्ग्युमेंट घेत असूनही या कामातील जवळजवळ प्रत्येक खाचखळगा दाखवून देते.

लेखात फंक्शनांची व आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टंकताना ती रोमन लिपीत लिहावीत आणि लहान-मोठ्या अक्षरांकडे नीट लक्ष द्यावे, कारण आर आणि सी या दोन्ही भाषा त्यात भेद करतात. उदाहरणार्थ, आरमधून सी किंवा फोरट्रानमधील फंक्शन कॉल करणाऱ्या डॉट-सी, डॉट-कॉल आणि डॉट-फोरट्रान या तिन्ही फंक्शनांच्या नावांत आधी टिंब येते आणि त्यानंतरचे पहिले अक्षर मोठ्या लिपीतले असते.

थेट कॉल का चालत नाही

नव्या माणसाला सर्वात आधी सुचते ते असे: लायब्ररी लोड करावी आणि डॉट-सीला थेट सीआरसी-३२ हे नाव द्यावे. असे करू नये. का करू नये, हे समजले की अर्धे काम समजले.

डॉट-सी आपल्या बाजूने एकच गोष्ट करते: आरमधील प्रत्येक व्हेक्टरच्या पहिल्या घटकाचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, सी फंक्शनच्या हाती देते. इंटिजर व्हेक्टर असेल तर इंटचा पॉइंटर, न्यूमेरिक असेल तर डबलचा, रॉ, म्हणजे नुसत्या बाइटांचा, असेल तर अनसाइन्ड चारचा (चार हा सीमधील एका बाइटाचा प्रकार), लॉजिकल असेल तरी इंटचाच, आणि अक्षरांचा व्हेक्टर असेल तर चारच्या पॉइंटरचा पॉइंटर. सी फंक्शनने काही परत करू नये, अशी तिची अपेक्षा असते. उत्तर द्यायचे ते मिळालेल्या पत्त्यांपैकी एकावर लिहून द्यायचे. झेडलिबचे फंक्शन या कराराने लिहिलेलेच नाही. त्याला पहिले आर्ग्युमेंट म्हणून आधीच्या पडताळ्याची किंमत हवी असते, दुसरे बाइटांचा पॉइंटर आणि तिसरे बाइटांची संख्या, तीही किंमत म्हणूनच. शिवाय उत्तर ते रिटर्न करते.

थेट कॉल केला तर काय घडेल? पहिल्या जागी गेलेला पत्ता आरंभीची किंमत समजला जाईल. दुसरे आर्ग्युमेंट योगायोगाने बरोबर पडेल. तिसऱ्या जागी गेलेला पत्ता बाइटांची संख्या समजला जाईल, आणि तो आकडा कोटींच्या, अब्जांच्या घरात असू शकत असल्याने फंक्शन आपल्या व्हेक्टरची हद्द ओलांडून पुढची मेमरी वाचत सुटेल. बहुधा आरचे संपूर्ण सत्र कोसळेल. न कोसळले तरी रिटर्न केलेले उत्तर घेणारे कोणी नाही. या सगळ्यात एकही कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, मध्ये पडत नाही, कारण आरमधील ओळ कंपायलरने पाहिलेली नसते आणि झेडलिब कंपाइल होताना आर तेथे नसते. दोन्ही बाजूंची जुळणी तपासणारे मध्ये कोणीच नाही. ते काम आपले आहे, आणि ते करण्याची जागा म्हणजे आपण लिहिलेले छोटे आवरण फंक्शन.

जुनी फोरट्रान सबरुटीन याला काही प्रमाणात अपवाद आहेत. फोरट्रान परंपरेने सर्व आर्ग्युमेंट पत्त्यानेच घेते, म्हणून ब्लास या व्हेक्टर-मॅट्रिक्सच्या आकडेमोडीच्या लायब्ररीतील डीएएक्सपीवाय यासारखी सबरुटीन, लायब्ररी लोड केल्यावर, डॉट-फोरट्रानने आवरणाशिवाय वापरता येते. फोरट्रान आणि आर दोन्ही मॅट्रिक्स स्तंभाप्रमाणे साठवतात, हाही तेथे फायदाच. सी लायब्ररीत अनेकदा ओळीप्रमाणे साठवण गृहीत धरलेली असते, आणि मग न सांगता ट्रान्सपोज झालेले उत्तर हाती येते.

आवरण लिहिणे

पडताळा डॉट सी अशा नावाची एक फाइल घ्यावी. तिच्या आरंभी झेडलिबची हेडर फाइल, म्हणजे तिच्या फंक्शनांची आर्ग्युमेंट व प्रकार कंपायलरला सांगणारी फाइल, जोडावी. त्याखाली व्हॉइड रिटर्न करणारे एक फंक्शन लिहावे आणि त्याला पडताळा हेच नाव द्यावे. नाव सीआरसी-३२ असे मात्र ठेवू नये, नाहीतर लायब्ररीतील नावाशी टक्कर होते. या फंक्शनची तीन आर्ग्युमेंट अशी: अनसाइन्ड चारचा पॉइंटर माहिती, इंटचा पॉइंटर लांबी, आणि डबलचा पॉइंटर उत्तर. आत एकच ओळ असते. झेडलिबच्या फंक्शनला आरंभीची किंमत ०, माहिती हा पॉइंटर, आणि लांबीच्या शून्याव्या घटकाची किंमत द्यावी. मिळालेले उत्तर डबलमध्ये बदलून उत्तरच्या शून्याव्या घटकात ठेवावे.

उत्तर डबलमध्ये का, इंटमध्ये का नाही, हा प्रश्न येथे पडलाच पाहिजे. पडताळा ही ३२ बिटांची चिन्हरहित संख्या आहे; ती ० ते ४२९४९६७२९५ यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. आरचा इंटिजर चिन्हासह ३२ बिटांचा आहे, त्यामुळे तो २१४७४८३६४७ च्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे शक्य असलेल्या उत्तरांपैकी निम्मी त्यात मावतच नाहीत. ती ऋण होऊन बाहेर पडतात. त्यातही एक उत्तर वेगळेच फसवते: २१४७४८३६४८ ही किंमत इंटमध्ये कोंबली की जो बिटक्रम तयार होतो, तोच आरने इंटिजरमधील एनए, म्हणजे अनुपलब्ध किंमत, दाखवण्यासाठी राखून ठेवला आहे. पडताळा बरोबर निघालेला असतो आणि आर म्हणते की माहिती उपलब्ध नाही. डबलमध्ये २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच्या सर्व पूर्ण संख्या तंतोतंत बसतात, म्हणून येथे डबल सुरक्षित आहे.

आवरण सी-प्लस-प्लसमध्ये लिहायचे असेल, तर ते एक्स्टर्न सीच्या कंसात ठेवावे. तसे न केल्यास कंपायलर फंक्शनचे नाव स्वतःच्या पद्धतीने बदलतो आणि आरला ते सापडत नाही.

बांधणी आणि लोड करणे

कंपायलर हवाच. विंडोजवर आपल्या आर आवृत्तीशी जुळणारे आरटूल्स बसवावे, मॅकवर एक्सकोडची कमांड लाइन साधने, आणि लिनक्सवर जीसीसी. झेडलिबची हेडर फाइलही लागते. उबुंटू किंवा डेबियनवर झेडलिब-वन-जी-डेव्ह हे पॅकेज आणि फेडोरावर झेडलिब-डेव्हेल. केवळ लायब्ररी यंत्रावर आहे म्हणून हेडर असेलच असे नाही, आणि पहिली चूक बहुधा येथेच दिसते.

यानंतर टर्मिनलमध्ये पीकेजी-अधोरेषा-लिब्स या पर्यावरण-चलात उणे-एल-झेड हा पर्याय ठेवून आर सीएमडी एसएचएलआयबी ही आज्ञा आपल्या फाइलीच्या नावासह द्यावी. तीतून लिनक्स व मॅकवर डॉट-एसओ आणि विंडोजवर डॉट-डीएलएल फाइल तयार होते. जीसीसी हाताने चालवूनही हे साधते, पण मी तसे करण्याचा सल्ला देणार नाही, कारण आर सीएमडी एसएचएलआयबी आर ज्या पर्यायांनी बांधले गेले तेच पर्याय वापरते आणि आरची हेडर फोल्डर स्वतः शोधते.

आरमध्ये डिन-डॉट-लोडला त्या फाइलीचा मार्ग द्यावा, आणि इज-डॉट-लोडेडने पडताळा हे नाव सापडते का ते पाहावे. ट्रू आले तर पुढे जावे. लोड करतानाच एखादी लायब्ररी सापडली नाही अशी तक्रार आली, तर दोष बहुधा आपल्या कोडमध्ये नसून लायब्ररीच्या मार्गात असतो. लिनक्सवर एलडीडी ही आज्ञा आपल्या फाइलीवर चालवली, की कोणती लायब्ररी मिळाली नाही ते नावानिशी कळते.

सी फाइल बदलून पुन्हा बांधण्यापूर्वी डिन-डॉट-अनलोड अवश्य करावे. विंडोजवर लोड असलेली फाइल कुलूपबंद राहते आणि बांधणी अडते. लिनक्सवर ती अडत नाही, आणि म्हणूनच तेथे धोका अधिक आहे: चालू सत्राच्या पायाखालची फाइल बदलली जाते आणि सत्र पुढे केव्हातरी कोसळते. मी शक्यतो प्रत्येक बांधणीनंतर आरचे नवे सत्रच सुरू करतो.

पहिला कॉल

सीआरसी-३२ ची अंमलबजावणी तपासण्यासाठी सर्वत्र एकच ठरलेली कसोटी वापरली जाते: १ ते ९ हे नऊ अंक ओळीने, अक्षरे म्हणून. त्यांचा पडताळा दशमान पद्धतीत ३४२१७८०२६२ येतो. हीच अक्षरे चार-टू-रॉ या फंक्शनला देऊन नऊ बाइटांचा रॉ व्हेक्टर मिळवावा. मग डॉट-सीला चार गोष्टी द्याव्यात: पडताळा हे नाव, तो रॉ व्हेक्टर, ॲज-डॉट-इंटिजरमधून काढलेली त्याची लांबी, आणि उत्तर असे नाव दिलेला एक घटकाचा डबल व्हेक्टर. डॉट-सी सर्व आर्ग्युमेंटांची यादी परत करते, त्यातील उत्तर हा घटक घ्यावा. ३४२१७८०२६२ दिसले की जोडणी बरोबर आहे. उत्तर इंटमध्ये घेतले असते, तर येथेच उणे ८७३१८७०३४ दिसले असते.

आता एक प्रयोग करून पाहावा. लांबी ॲज-डॉट-इंटिजरमधून न काढता नुसता ९ हा अंक द्यावा. उत्तर ० येते. चूक दाखवली जात नाही, सूचना येत नाही, सत्र कोसळत नाही. कारण असे: आरमध्ये नुसता लिहिलेला ९ हा डबल असतो आणि आठ बाइट व्यापतो; आपले आवरण त्या पत्त्यावरील पहिले चार बाइट इंट म्हणून वाचते; नेहमीच्या इंटेल, एएमडी किंवा ॲपल प्रोसेसरवर डबलमधील ९ चे पहिले चार बाइट शून्य असतात. झेडलिबला शून्य लांबी मिळते आणि शून्य बाइटांचा पडताळा ० असतो. प्रत्येक टप्प्याने आपले काम चोख केलेले असते. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत अशाच एका शून्यामागे मी संपूर्ण दुपार घालवली होती, आणि शोधत होतो ते माहितीच्या फाइलीत. म्हणून डॉट-सीला दिलेल्या प्रत्येक आर्ग्युमेंटभोवती ॲज-डॉट-इंटिजर, ॲज-डॉट-डबल यांपैकी योग्य ते लिहावेच, आणि हे सर्व एका आर फंक्शनात गुंडाळून आरंभी स्टॉप-इफ-नॉटने व्हेक्टर खरोखर रॉ आहे की नाही ते तपासावे. वापरणाऱ्याच्या हाती डॉट-सी कधीही उघडे देऊ नये.

संख्यात्मक लायब्ररींसाठी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. डॉट-सीला दिलेल्या न्यूमेरिक व्हेक्टरमध्ये एनए, नॅन (म्हणजे संख्या नसलेली किंमत) किंवा अनंत किंमत असेल, तर डॉट-सी कॉल नाकारते. एनएओके हा पर्याय ट्रू केला की ती अडवणूक थांबते, पण मग त्या किमतींचे काय करायचे हे सी कोडलाच ठाऊक असले पाहिजे. आरचा एनए सीला ठाऊक नसतो. डबलमधील एनए सीच्या दृष्टीने एक सामान्य नॅन आणि इंटमधील एनए ही उणे २१४७४८३६४८ अशी साधी संख्या असते.

डॉट-कॉलकडे वळणे

डॉट-सी शिकायला सोपी आहे, पण ती प्रत्येक आर्ग्युमेंटची प्रत काढते. शंभर बाइटांसाठी ते चालते. पाचशे मेगाबाइटांचा रॉ व्हेक्टर असेल तर ती प्रत निव्वळ वाया जाते. नव्या कामासाठी मी डॉट-कॉलच सुचवीन.

डॉट-कॉल आरची वस्तू जशीच्या तशी सी फंक्शनला देते. तिचा सीमधील प्रकार एसईएक्सपी, आणि फंक्शननेही एसईएक्सपीच रिटर्न करायचा असतो. आपले आवरण आता एकच आर्ग्युमेंट घेईल. आधी टाइपऑफने ती वस्तू रॉ प्रकारची आहे का ते पाहावे आणि नसेल तर आरएफ-एररने स्पष्ट संदेश द्यावा. मग रॉ या मॅक्रोने बाइटांचा पॉइंटर, एक्सलेंग्थने लांबी घ्यावी, झेडलिबला कॉल करावा आणि उत्तर स्केलर-रिअलमध्ये घालून परत करावे. वेगळे लांबीचे आर्ग्युमेंट उरत नाही, आणि त्याबरोबर मघाचा शून्याचा घोळही संपतो, कारण व्हेक्टरची लांबी व्हेक्टरलाच विचारली जाते.

एक्सलेंग्थ ३२ बिटांहून मोठी लांबी देऊ शकते, कारण आवृत्ती ३.०.० पासून आर तेवढे लांब व्हेक्टर हाताळते. झेडलिबचे फंक्शन मात्र लांबी ३२ बिटांतच घेते. चार गिगाबाइटांच्या वरच्या माहितीसाठी तुकडे करून, प्रत्येक तुकड्याचा पडताळा पुढच्या कॉलला आरंभीची किंमत म्हणून द्यावा. पहिले आर्ग्युमेंट त्यासाठीच ठेवलेले आहे.

प्रत न काढण्याची किंमत दोन नियमांत मोजावी लागते. पहिला असा, की हाती आलेल्या वस्तूत काहीही लिहू नये. आरमध्ये दोन नावे एकाच व्हेक्टरकडे बोट दाखवत असू शकतात, आणि एकात केलेला बदल दुसऱ्यात उमटतो. लिहायचे असेल तर आधी डुप्लिकेट करावे.

दुसरा नियम मेमरीच्या साफसफाईचा. सी फंक्शनमध्ये आपण निर्माण केलेली आरची वस्तू कोणाच्या वापरात आहे, हे आरच्या साफसफाई यंत्रणेला कळत नाही. पुढची वस्तू मागताना साफसफाई सुरू झाली, तर आधीची पुसली जाऊ शकते. म्हणून वस्तू निर्माण होताच ती प्रोटेक्टमध्ये घ्यावी आणि फंक्शनमधून बाहेर पडण्यापूर्वी तेवढ्याच वस्तू अनप्रोटेक्टने सोडाव्यात. आपल्या उदाहरणात स्केलर-रिअल लगेच परत जातो, त्यामुळे त्याची गरज नाही. पण पडताळ्याबरोबर लांबीही देणारी यादी करायची ठरवली, की लगेच पडते. हा दोष दहा हजार वेळा दडून राहतो आणि मग एके दिवशी दिसतो. त्याला बाहेर काढण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे जीसी-टॉर्चर चालू करून आपले फंक्शन चालवणे. तेव्हा जवळजवळ प्रत्येक मागणीला साफसफाई होते आणि असुरक्षित वस्तू पटकन उघडी पडते. अतिशय हळू चालते, तरी एकदा तरी करावेच. लिनक्सवर आर व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनाखाली चालवणेही तितकेच उपयोगी आहे.

चूक झाल्यावर काय होते, याचाही विचार आधीच करावा. आरएफ-एरर सी फंक्शनमधून सामान्य मार्गाने परतत नाही. ते एका उडीत थेट आरमध्ये पोहोचते. मध्ये मॅलॉक या सी फंक्शनने मागून घेतलेली मेमरी तशीच अडकून राहते, उघडलेली फाइल उघडीच राहते, सी-प्लस-प्लसचे डिस्ट्रक्टर चालत नाहीत. तात्पुरत्या मेमरीसाठी आर-ॲलॉक वापरावे, कारण ती कॉल संपताच आर स्वतः सोडते. लायब्ररी एक्झिट करत असेल, तर तिच्याबरोबर आरचे सत्रही संपते आणि जतन न केलेले सर्व काम जाते. अशी लायब्ररी तशीच जोडू नये. वेगळ्या थ्रेडमधून आरचे कोणतेही फंक्शन वापरू नये. लांब चालणाऱ्या लूपमध्ये अधूनमधून आर-चेक-यूजर-इंटरप्ट ठेवावे, म्हणजे वापरणाऱ्याला काम थांबवता येते.

देवनागरी मजकुराचा पडताळा

मराठी माहितीवर काम करणाऱ्यांना येथे एक खास अडचण येते. सी लायब्ररीला अक्षरे दिसत नाहीत, बाइट दिसतात. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. पुणे या शब्दात प, उकार, ण आणि एकार अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. तोच शब्द दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये असेल तर बाइट वेगळे आणि पडताळाही वेगळा. विंडोजवर आरने यूटीएफ-८ हे मूळ एन्कोडिंग २०२२ च्या ४.२.० आवृत्तीपासून स्वीकारले, त्यामुळे जुन्या विंडोज सत्रातून आलेल्या मजकुराकडे विशेष लक्ष द्यावे आणि चार-टू-रॉच्या आधी ईएनसी-टू-यूटीएफ-८ लावावे.

एवढ्यानेही भागत नाही. कऱ्हाड हे नाव दोन प्रकारे साठवलेले असू शकते. मराठीच्या ऱ्ह आणि ऱ्य या जोडाक्षरांत येणाऱ्या ऱ साठी युनिकोडमध्ये एक स्वतंत्र चिन्ह आहे, आणि तोच र व त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. पहिल्या पद्धतीत कऱ्हाड अठरा बाइटांचे होते, दुसऱ्या पद्धतीत एकवीस. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, युनिकोडच्या नियमांनुसार दोन्ही समान आहेत, तरी पडताळा वेगळा येतो. गावांच्या किंवा आडनावांच्या याद्या जुळवताना दुसऱ्या, गोऱ्हे, कुऱ्हाड अशा शब्दांवर जोडणी तुटते, ती यामुळेच. उपाय आरच्या बाजूला, सीकडे जाण्याआधी करावा: स्ट्रिंगी पॅकेजमधील एनएफसी रूपांतर, म्हणजे युनिकोडमधील समान रूपे एकसारखी करणारे रूपांतर, मजकुरावर लावले की दोन्ही रूपे एकाच चिन्हावर येतात.

पॅकेजमध्ये बसवणे

फंक्शन एकापेक्षा अधिक ठिकाणी लागणार असेल, तर डिन-डॉट-लोड प्रत्येक स्क्रिप्टमध्ये लिहीत बसू नये. छोटे पॅकेज करावे. सी फाइल एसआरसी या फोल्डरात ठेवावी, शेजारी मेकव्हार्स या फाइलीत पीकेजी-अधोरेषा-लिब्सची तीच ओळ लिहावी, डिस्क्रिप्शनमध्ये सिस्टिम-रिक्वायरमेंट्सखाली झेडलिबचा उल्लेख करावा आणि नेमस्पेसमध्ये यूज-डिन-लिब लिहून नोंदणी चालू करावी.

नोंदणी म्हणजे पॅकेज लोड होताना चालणाऱ्या आर-इनिट या फंक्शनमध्ये आपल्या प्रत्येक आवरणाचे नाव, त्याचा पत्ता आणि आर्ग्युमेंटांची संख्या आरला कळवणे. हे हाताने लिहायचा कंटाळा आला, तर टूल्स पॅकेजमधील पॅकेज-नेटिव्ह-रुटीन-रजिस्ट्रेशन-स्केलिटन हे फंक्शन सांगाडा तयार करून देते. नोंदणी झाली की आर्ग्युमेंट कमी-जास्त दिले तर आर कॉल होण्याआधीच अडवते, आणि दुसऱ्या एखाद्या लायब्ररीत पडताळा याच नावाचे फंक्शन असले तरी कॉल चुकून तिकडे जात नाही. त्याबरोबर आर-यूज-डायनॅमिक-सिम्बॉल्स फॉल्स करून ठेवावे, म्हणजे न नोंदलेले नाव शोधलेच जात नाही.

पॅकेजच्या चाचण्यांत तीन गोष्टी असाव्यात: नऊ अंकांचा ३४२१७८०२६२ हा पडताळा, रिकाम्या रॉ व्हेक्टरचा ०, आणि एनएफसीनंतर दोन्ही रूपांतील कऱ्हाडचा एकच पडताळा.